जड आर्मला मऊ सुई

भाच्याचा फोन आला तेव्हा काटेबाई गॅलरीत उन्हाला पाठ देऊन बसल्या होत्या. भाचा आधी इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला की बाबांचं टर्नटेबल त्यानं माळ्यावर टाकलंय. गाणी लागली की बाबा फार बिथरतात. काल तर त्यांनी हात उगारला, सुईची दांडीच उडवून दिली, रेकॉर्डवर हा एवढा ओरखडा आला. आता घरात शांतता असलेली बरी.

"कोणाची शांतता?" बाईंनी विचारलं.

उत्तराची वाट न बघता बाईंनी फोन ठेवला आणि चपला शोधायला लागल्या.

काटेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापं तपासणाऱ्या सरकारी कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं काढली. बाजारातल्या प्रत्येक दुकानाचा काटा त्यांच्या हाताखालून गेला. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, मधोमध पोखरलेलं वजन, एका बाजूला कललेली फळी, सगळं त्यांना लांबूनच दिसायचं. दुकानदारांनी वैतागून त्यांना काटेबाई म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव बाजारातून घरापर्यंत आलं. नाकावर राग कायम बसलेला. पण तो कधी स्वतःसाठी नसायचा. कुणाला तरी कमी मोजून दिलं गेलंय असं दिसलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. निवृत्त झाल्यावर कचेरीची वजनं परत करताना त्यांना इतकं चुकल्यासारखं झालं की स्वतःच्या पैशांनी त्यांनी एक छोटी पेटी घेतली. मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनं, शंभर ग्रॅमपासून एक ग्रॅमपर्यंत, आणि त्याखाली चिमट्यानंच उचलायचे मिलिग्रॅमचे पातळ पत्रे. लोक म्हातारपणी फिरायला जातात, बाई आठवड्यातून एकदा पेटी उघडून वजनं पुसायच्या.

दादा, म्हणजे बाईंचा भाऊ आणि भाच्याचे बाबा, त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठा. बेअरिंगच्या कारखान्यात टर्नर होता. लेथवर काम चालू असताना पाठमोरा उभा राहूनही तो सांगायचा की तिसऱ्या मशीनचं हत्यार बोथट झालंय, बदला. मापात चूक झालेली त्याला आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. रेडिओ केंद्रानं जुनं सामान लिलावात काढलं तेव्हा त्यानं तिथलं एक टर्नटेबल उचललं. वजन असं की दोघांनी धरून आणावं लागलं. त्याचा आर्म, म्हणजे सुई ज्याच्या टोकाला बसते तो हात, भरीव आणि इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला. दादानं स्पीकरही स्वतःच ठोकून बनवले. पावणेदोनशे रेकॉर्ड जमवल्या. वहिनी होती तोवर ती म्हणायची की या घरात मी दुसरी बायको.

दोन वर्षांपूर्वी दादाला पक्षाघात झाला. उजवा हात आणि पाय गेले, आणि बोलणंही गेलं. सगळं नाही गेलं. एक शब्द उरला, "बरं". पाणी हवं असलं तरी बरं, नको असलं तरी बरं. चिडला तरी तोंडातून बरंच निघायचं, फक्त मान लाल व्हायची आणि डावी मूठ खुर्चीच्या हातावर आपटायची. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी नीट समजावलं होतं की यांना सगळं कळतं, शब्द तेवढे सापडत नाहीत. ते बाईंनी डोक्यात पक्कं ठेवलं. बाकीच्यांच्या डोक्यातून ते सहा महिन्यांत उतरलं. एखाद्या माणसाला कशालाही बरंच म्हणताना रोज ऐकलं की त्याची सगळ्याला संमती आहे असं लोक धरून चालतात. ते सोयीचंही असतं.

बाई पोचल्या तेव्हा दादा खिडकीपाशी खुर्चीत होता. समोरच्या टेबलावर टर्नटेबल होतं तिथे धुळीत एक स्वच्छ चौकोन उरला होता. बहिणीला बघून त्यानं त्या चौकोनाकडे बोट केलं आणि तीनदा म्हणाला, "बरं. बरं. बरं." शिवी द्यावी तसा.

"खाली काढ," बाई भाच्याला म्हणाल्या.

भाचा वाईट नव्हता, हे सांगायला हवं. विमा कंपनीत नोकरी, दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकायची आणि घरी येऊन बापाला आंघोळ घालायची. तोंडातून कधी कुरकुर नाही. जुनी सुई झिजली म्हणून त्यानं हौसेनं नवं कार्ट्रिज आणलं होतं. कार्ट्रिज म्हणजे सुई आणि तिला धरणारी, गाण्याची वीज करणारी ती अंगठ्याएवढी डबी. शहरातल्या ध्वनियंत्रांच्या सगळ्यात मोठ्या दुकानात जाऊन त्यानं सांगितलं की बाबांसाठी हवंय, चांगल्यातलं द्या. दुकानदारानं काचेच्या कपाटातून एक काढलं. किंमत ऐकून भाच्याला घाम फुटला, पण बापासाठी काय बघायचं, असं म्हणून त्यानं घेतलं. दुकानदार स्वतः घरी येऊन बसवून गेला, काट्यावर सुईचा दाब मोजला आणि चिठ्ठीही लिहून दिली. बाबांना विचारलं होतं, भाचा म्हणाला. बाबा बरं म्हणाले.

"आणि तेव्हा मूठ कुठे होती त्याची?"

भाच्यानं बघितलं नव्हतं.

त्या दिवसापासून गाणं बिघडलं. लांब सूर लागला की तो थरथरायचा. पन्नासेक रेकॉर्ड थोड्या बाक आलेल्या होत्या. आधी त्या बिनबोभाट वाजायच्या, आता सुई त्यांच्यावरून उड्या मारायला लागली. दादा मूठ आपटायचा. दुकानदाराला पुन्हा बोलावलं. त्यानं रेकॉर्ड उन्हाला धरून बघितल्या आणि निकाल दिला की या भंगारात द्यायच्या लायकीच्या आहेत, टर्नटेबलही जुनाट आहे, एवढ्या नाजूक कार्ट्रिजला शोभणारं नवं घ्या. आणि मग दादाच्या डोक्यावरून भाच्याला म्हणाला, "तसं बघितलं तर यांना आता काय फरक कळणार? साधा रेडिओ लावून ठेवा."

हे भाच्यानं अगदी सहज सांगितलं. बाईंचे कान तापले.

"तो दादासमोर बोलला हे?"

"त्याला काय माहीत, आत्या, की बाबांना समजतं."

"तुला माहीत होतं ना? मग तू काय बोललास?"

भाचा टर्नटेबल काढायला माळ्यावर चढला. दादा खिडकीबाहेर बघत होता.

बाईंनी टर्नटेबल टेबलावर ठेवून घेतलं, खिडकीचा पडदा सारला आणि चष्मा बदलला. इतकी वर्षं जे केलं तेच केलं, म्हणजे कोण काय म्हणतो ते बाजूला ठेवून वस्तूकडे बघितलं. ती ओरखड्याची रेकॉर्ड हातात घेतली. कडेपासून आत एक लांब तिरपा ओरखडा होता, तो दादाच्या फटक्याचा, यात शंका नाही. पण रेकॉर्ड उजेडात तिरकी धरल्यावर आणखी एक खूण दिसली. जिथे रेकॉर्डला बाक होता, नेमकं तिथेच, बोटभर रुंदीचा एक मळकट पट्टा. चकाकी गेलेली, जणू कुणी बारीक पॉलिशपेपर फिरवलाय. फटक्यानं असं होत नाही. मग त्यांनी कार्ट्रिज खालून बघितलं. डबीच्या पोटावर घासल्याची चमक होती.

सुई इतकी दबली होती की प्रत्येक फेरीला, बाक आला की कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डवर टेकत होतं. खरडत होतं. आणि ते खरडणं या घरात एकाच माणसाला ऐकू येत होतं.

बाईंनी रेकॉर्ड दादासमोर धरली आणि त्या मळकट पट्ट्यावर बोट ठेवलं. "दादा, हे थांबवायला तू दांडी उडवलीस?"

दादाचे डोळे भरून आले. "बरं," तो म्हणाला, आणि या वेळी त्याचा अर्थ समजायला मुठीकडे बघावं लागलं नाही.

  भाचा आत जाऊन उगीच भांडी लावत बसला.

आता बाईंनी पदर खोचला. दुकानदाराची चिठ्ठी मागवली. त्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं, सुईचा दाब दीड ग्रॅम. आर्मच्या मागच्या टोकाला वजनाचं एक गोल चाक असतं, ते पुढेमागे फिरवून सुई किती भारानं टेकेल ते ठरवतात, आणि त्याच्यावर आकडे कोरलेले असतात. बाईंनी आर्म आधी हवेत समतोल करून घेतला, मग दुकानदारानं खूण करून ठेवली होती तिथवर चाक फिरवलं. चाकाचा आकडा सव्वादोनच्या आसपास आला. चिठ्ठी म्हणते दीड, चाक म्हणतं सव्वादोन. दोघांपैकी एक खोटं बोलत होतं, आणि खोटं कोण बोलतं हे शोधण्यातच काटेबाईंची हयात गेली होती.

दुसऱ्या दिवशी त्या पेटी घेऊन आल्या. पत्र्याची एक पट्टी कापली, बरोबर मध्यावर शिवणाच्या सुईवर टेकवली आणि लहान मुलांचा सी-सॉ असतो तसा काटा तयार केला. एका टोकाला आर्मची सुई अलगद ठेवायची, दुसऱ्या टोकाला वजन. दोन ग्रॅम ठेवले तरी सुईचं टोक खालीच. चिमट्यानं दोनशे मिलिग्रॅमचा पत्रा चढवला तेव्हा पट्टी डुलत डुलत आडवी झाली. दोन पूर्णांक दोन. दादा शेजारच्या खुर्चीतून हे सगळं बघत होता. पट्टी आडवी झाल्यावर त्यानं जीभ टाळ्याला लावून टक् असा आवाज काढला. कारखान्यात माप जुळलं की तो असाच आवाज काढायचा. दोन वर्षांत बाईंनी तो ऐकला नव्हता.

चूक सापडली असं त्यांना वाटलं. दाब खरोखरचा दीड ग्रॅम केला. पोट टेकणं थांबलं, पण सुई उड्या मारतच राहिली, सूरही थरथरत राहिला. म्हणजे दुखणं आणखी खोल होतं, आणि ते बाईंच्या हाताबाहेरचं होतं.

टर्नटेबलच्या बुडाला रेडिओ केंद्राचा बिल्ला होता. बाईंनी केंद्रात फोन लावला, चार जणांशी बोलल्या, आणि शेवटी त्यांना तिथल्या एका निवृत्त तंत्रज्ञाचा पत्ता मिळाला. या यंत्रांची निगा त्यानंच राखली होती. तिसऱ्या मजल्यावर एकटा राहणारा, ऐंशीच्या घरातला माणूस. दोन्ही कानांत यंत्रं होती, तरी नीट ऐकू येत नव्हतं. बाईंना कागदावर लिहून विचारावं लागलं. टर्नटेबलचं नाव वाचल्यावर तो असा हसला की जणू जुन्या शाळासोबत्याची खुशाली कळली. कार्ट्रिजचं नाव वाचल्यावर हसू मावळलं.

"कोणी दिलं हे?"

बाईंनी दुकानाचं नाव लिहिलं.

त्यानं खणातून रबरबँड काढला, त्याला कपाटाची किल्ली अडकवली आणि खाली ओढून सोडली. किल्ली टुणटुण करत भराभर नाचली. मग त्याच रबरबँडला दाराचं जाड कुलूप अडकवलं. कुलूप लांब झोके घेत सावकाश वरखाली होत राहिलं, थांबायचं नावच घेईना.

"सुई ज्या दांडीवर असते ती रबरात बसवलेली असते," तो म्हणाला. ऐकू न येणाऱ्या माणसासारखा मोठ्यानं, पण शांतपणे. "तुमचा आर्म म्हणजे हे कुलूप. ह्या नव्या कार्ट्रिजचं रबर एकदम मऊ. ते हलक्या आर्मसाठी बनवलंय. जड आर्मला मऊ सुई लावली की बाक आला रे आला, आर्म झोके घेत सुटतो. कार्ट्रिज खराब नाही. आर्मही खराब नाही. दोघांना एकत्र बांधणारा माणूस अडाणी आहे."

मग त्यानं हिशोब समजावला. रेकॉर्डचा बाक आर्मला सेकंदाला पाच-सहा वेळांपर्यंत हिंदकळवतो. गाणं वीसच्या वर सुरू होतं. आर्म आणि सुई मिळून जो झोका घेतात तो या दोघांच्या मधे पडायला हवा, आठ ते बारा. मग तो बाकालाही भीक घालत नाही आणि गाण्यातही लुडबूड करत नाही. आर्मचा भार अठरा ग्रॅम धरायचा, त्यात कार्ट्रिज आणि स्क्रू मिळवायचे, आणि रबर किती लवचिक आहे तो आकडा कार्ट्रिजबरोबरच्या कागदावर छापलेला असतो. या कार्ट्रिजचा आकडा त्याला तोंडपाठ होता, तो घेऊन बाईंनी तिथेच पेन्सिलीनं गणित केलं. महागड्या कार्ट्रिजचं उत्तर सहाच्याही खाली, म्हणजे थेट बाकाच्याच टप्प्यात आलं.

"कागदावर छापलेलं असतं?" त्यांनी पुन्हा लिहून विचारलं.

"खोक्याच्या आतच असतो कागद. वाचायला पैसे पडत नाहीत."

आणि ते ऐकून बाईंचा संताप अनावर झाला. दुकानदाराला कळलं नाही, हे एक वेळ ठीक. न कळणं हा गुन्हा नव्हे. पण कळून घ्यायचा कागद हातात असताना त्यानं फक्त किंमत वाचली, आणि खापर फोडलं रेकॉर्डवर, यंत्रावर, आणि ज्याला उलट बोलता येत नाही अशा माणसाच्या कानांवर.

निघताना तंत्रज्ञानं एक गोष्ट सांगितली. "मला आता काही ऐकू येत नाही. पण बसवलेलं बरोबर आहे की नाही ते मी अजून सांगू शकतो. स्पीकरचा मोठा कागद, म्हणजे तो गोल पडदा, बघा. रेकॉर्ड फिरतेय पण आवाज नाही, अशा वेळी तो आतबाहेर श्वास घेतल्यासारखा हलत असेल तर सुई चुकीची." घरी जाऊन बाईंनी बघितलं. स्पीकरचा कागद धापा टाकत होता.

कोणतं कार्ट्रिज घ्यायचं यासाठी त्यांनी दादापुढे कागद मांडले. पुरेसं घट्ट रबर आणि योग्य वजन असलेली, खिशाला परवडणारी दोन निघाली. खरं तर डबी एकच, सुया दोन. एकीचं टोक साधं गोल, ती सगळ्यात स्वस्त. दुसरीचं टोक लंबगोल, थोडी महाग, तरी भाच्यानं मोजले त्याच्या पाचव्या हिश्श्यातली. बाईंचं मत गोल सुईला होतं. जुन्या झिजलेल्या रेकॉर्डना ती सोसते, आणि लंबगोल नंतरही चढवता येते. त्यांनी हे सगळं दादाला सविस्तर सांगितलं, आकड्यांसकट, जसं कारखान्यात कुणी सांगितलं असतं. दादानं डाव्या हातानं लंबगोल सुईच्या कागदावर टिचकी मारली.

"अरे, पण ही गोल काय वाईट आहे?"

त्यानं पुन्हा तिथेच टिचकी मारली, जरा जोरात.

"उगाच जास्तीचा खर्च आहे हं."

तिसरी टिचकी. बाईंनी गोल सुईचा कागद बाजूला सारला. घरातला कान त्याचा होता.

दुकानात त्या भाच्याला घेऊन गेल्या. गार हवा, मऊ गालिचा, काचेची कपाटं, आणि किमतीच्या चिठ्ठ्या अशा लावलेल्या की वाकल्याशिवाय दिसू नयेत. एक गिऱ्हाईक जाडजूड खुर्चीत डोळे मिटून गाणं ऐकत होतं. दुकानदार हसतमुख होता. बाईंनी तक्रार सांगितली तर म्हणाला की मॅडम, हे आकड्यांचं काम नाही, यात कान तयार असावा लागतो.

"बरं, मग कान राहू दे. तुमचा सुईचा काटा दाखवा."

त्यानं खिशात मावणारा इलेक्ट्रिक काटा पुढे ठेवला. बाईंनी पेटी उघडली आणि चिमट्यानं एक ग्रॅमचं वजन त्याच्यावर ठेवलं. काट्यानं आकडा दाखवला, शून्य पूर्णांक सात. दोन ग्रॅम ठेवले. एक पूर्णांक चार. खुर्चीतल्या गिऱ्हाइकानं डोळे उघडले.

"तुमची वजनं चुकली असतील," दुकानदार म्हणाला.

बाईंनी पेटीतला तपासणीचा दाखला काढून उलगडला. शिक्का, तारीख, सही. मग तो सेल उतरला असेल असं म्हणाला.

"सेल कधी उतरला?"

तो काटा उलटा करून सेलचं झाकण चाचपायला लागला.

"म्हणजे कधीपासून लोकांच्या रेकॉर्ड खरवडल्या जातायत ते तुम्हाला ठाऊक नाही." बाईंचा आवाज चढला नव्हता. कचेरीत लोक त्यांच्या चढलेल्या आवाजाला घाबरत नसत, या आवाजाला घाबरत. "माझा भाऊ चाळीस वर्षं लेथवर उभा होता. केसाच्या जाडीचा फरक तो कानानं ओळखायचा. तुमच्या काट्याची चूक या शहरात फक्त त्यानं पकडली, आणि तुम्ही त्याच्या तोंडावर म्हणालात की यांना काय कळणार. तो परत बोलू शकत नाही. म्हणून मी आलेय."

 दुकानदार पुटपुटला की त्याचा तसा हेतू नव्हता. महागडं कार्ट्रिज परत घ्यायला मात्र त्यानं साफ नकार दिला, वापरलेला माल परत घेत नाही म्हणून. बाईंनी हवं ते कार्ट्रिज मागितलं तेव्हा ते खालच्या फडताळात, झाडूशेजारी सापडलं. ते शिकाऊ लोक घेतात, तो म्हणाला. बाईंनी कागद उघडून आकडे वाचले, ताडून पाहिले, आणि मगच ते घेतलं.

बसवायला त्यांना दीड तास लागला. चार रंगांच्या केसासारख्या तारा, दोन स्क्रू, कागदी मापपट्टीवर सुई नेमक्या टिंबावर आणायची. आर्म समतोल करून पत्र्याच्या काट्यावर बरोबर दोन ग्रॅम. दादा जिभेनं टक् म्हणेपर्यंत त्यांनी सोडलं नाही. दोनदा ते टक् आलं नाही, दोनदा त्यांनी स्क्रू सैल केले.

मग एक बाक आलेली रेकॉर्ड लावली. आर्म बाकावरून चढला, उतरला, पुन्हा चढला, तलावातल्या होडीसारखा. उडी नाही. स्पीकरचा कागद स्थिर. सूर लागला तो सरळ लागला आणि गायिकेचा श्वास घेतल्याचाही आवाज आला. लंबगोल सुई घेतल्याचं बाईंना मनातल्या मनात मान्य करावं लागलं. दादानं डोळे मिटले नाहीत. तो आर्मकडेच बघत होता, लेथवर बघायचा तसा.

एक बाजू संपल्यावर भाचा पुढे आला. त्याला बाईंची माफी मागायची होती. आत्या, माझं चुकलं, एवढं तो म्हणालाही.

"मला काय सांगतोस? तो बसलाय तिथे."

भाचा बापासमोर खाली बसला.  म्हणाला, "बाबा, मी तुम्हाला न विचारता सगळं ठरवत गेलो."

 दादानं रेकॉर्डच्या खणाकडे बोट दाखवलं आणि ती ओरखड्याची रेकॉर्डच मागितली. भाच्यानं ती लावली. ओरखडा आला तसा दर फेरीला टक, टक असा ठोका वाजायला लागला. भाचा उठायला गेला, तर दादानं त्याचं मनगट धरलं आणि खाली बसवलं. पूर्ण बाजू त्यानं मुलाला ऐकायला लावली, ठोक्यांसकट. शेवटी मनगट सोडलं नाही, थोपटलं.

बाईंचा राग मात्र निवळला नाही. त्यांनी आपल्याच जुन्या कचेरीला तीन पानी तक्रार धाडली. पंधरा दिवसांनी उत्तर आलं की सदर काटा माल वजन करून विकण्यासाठी वापरला जात नसल्यानं तो या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. नियम बरोबर होता. असली पत्रं त्यांनी स्वतः कित्येक जणांना लिहिली होती, अगदी याच शब्दांत.  आपल्या सहीनं असं पत्र गेलेली माणसं तेव्हा घरी काय करत असतील, हा विचार त्यांना पहिल्यांदाच आला आणि तो काही सुखाचा नव्हता.

महागडं कार्ट्रिज तंत्रज्ञानं मार्गी लावलं. त्याच्या ओळखीच्या एका शाळामास्तरांकडे हलक्या आर्मचं टर्नटेबल होतं, त्याच्यावर ते असं रुळलं की मास्तरांनी बाईंना आभाराचं पत्र पाठवलं. त्यांनी दिलेल्या किमतीतून भाच्याचे निम्मे पैसे सुटले.

महिन्याभरानं बाईंच्या घरी एक पार्सल आलं. आत कापसात गुंडाळलेला नवा कोरा सुईचा काटा आणि दुकानाच्या छापील कागदावर एकच ओळ, कृपया तपासून द्यावा. माफीचा शब्द नाही, दादाची विचारपूस नाही. बाईंचं डोकं पुन्हा तापलं. पार्सल तसंच परत करावं असं वाटलं. पण काटा चुकीचा निघाला तर त्याची शिक्षा दुकानदाराला नव्हे, कुणाच्या तरी रेकॉर्डना होणार होती. त्यांनी पेटी उघडली, अर्ध्या ग्रॅमपासून पाच ग्रॅमपर्यंत तपासलं, आणि काटा बरोबर असल्याचं लिहून दिलं. खाली जाड अक्षरात जोडलं की दर तीन महिन्यांनी सेल बदलावा, आणि गिऱ्हाईक बोलत नसेल तर त्याच्या हाताकडे बघावं.

उत्तर आलं नाही. पण पुढच्या तिमाहीला काटा पुन्हा आला.